वकीलपत्रावर सही करण्याआधी वकिलाने काय सांगायला हवं?

वाचकाचं पत्र

मी ३४ वर्षांची आहे. १४ महिन्यांपासून मुलुंडला आई-वडिलांकडे राहते, सहा वर्षांची मुलगी माझ्याजवळ आहे. नवरा भांडुपच्या आमच्या फ्लॅटमध्ये राहतो. लग्न हिंदू पद्धतीचं, नोंदणी झालेली आहे. घटस्फोट, पोटगी आणि मुलीचा ताबा यासाठी दोन वकिलांना भेटले. पहिल्यांनी ‘सगळं मिळून पावणेदोन लाखांचं पॅकेज’ सांगितलं, त्यातले ७५ हजार लगेच. घरी येऊन फ्लॅटच्या कराराची झेरॉक्स चाळली, तर शेवटच्या पानांवर ओळख पटवणारे म्हणून याच वकिलांचा फोटो! भेटीत त्यांना मी नवऱ्याचं नाव सांगितलं होतं, पण ते काही बोलले नाहीत. दुसरे म्हणाले, आधी फी नको, पोटगी मिळाली की तिच्या १० टक्के द्या. त्यांनी फाईल उघडायचे ५ हजार घेतले, पावती दिली नाही. दोन कोऱ्या वकीलपत्रांवर सह्या घेतल्या आणि लग्नाचा मूळ दाखला ठेवून घेतला. न्यूयॉर्कला राहणारी माझी मावसबहीण सांगते की तिला तिच्या वकिलाने पहिल्याच भेटीत हक्कांचा छापील कागद दिला होता. आपल्याकडे असं काही असतं का? वकिलाने आपणहून काय सांगायचं असतं आणि मी काय विचारायचं?

— एक वाचक, मुलुंड

उत्तर

ताई, तसा छापील कागद आपल्याकडे नाही. न्यूयॉर्कच्या नियमांप्रमाणे घटस्फोटाचं काम घेणाऱ्या वकिलाला करारावर सही घेण्याआधी अशिलाच्या हक्कांचा आणि जबाबदाऱ्यांचा कागद हातात द्यावाच लागतो. करार लेखी लागतो, निदान दर ६० दिवसांनी तपशीलवार बिल द्यावं लागतं, आणि ‘भरलेली फी काही झालं तरी परत मिळणार नाही’ अशी अट घालता येत नाही. आपल्याकडे फीचा करार लेखीच हवा अशी सक्ती नाही. म्हणून नियमच नाहीत असं मात्र नव्हे. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट, १९६१ खाली बार कौन्सिल ऑफ इंडियाने केलेले व्यावसायिक वर्तनाचे नियम मुंबईतल्या प्रत्येक वकिलाला लागू आहेत. त्यातली एक गोष्ट वकिलाने न विचारता सांगायची असते. बाकीच्या बऱ्याच गोष्टी विचारल्यावरच कळतात, आणि लिहून घेतल्या तरच पुढे दाखवता येतात. तुमच्या पहिल्या वकिलांनी नेमकी ती न विचारता सांगायची गोष्ट टाळली, आणि लिहून द्यायच्या गोष्टी दोघांनीही.

पहिल्या वकिलांचा फोटो आधी घेऊ, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात गंभीर बाब तीच आहे.

बार कौन्सिलचा चौदावा नियम सांगतो की काम घेताना आणि काम चालू असतानाही वकिलाने पक्षकारांशी असलेला आपला संबंध, आणि वादात आपलं काही हित गुंतलं असेल तर तेही, अशिलाला पूर्णपणे आणि मोकळेपणाने सांगायला हवं. मोजमाप असं की, ही माहिती कळली तर ‘यांना नेमावं की नाही’ याबद्दल अशिलाचं मत बदलू शकेल का? बदलू शकत असेल तर ती सांगायचीच. वकिलाला स्वतःला ती क्षुल्लक वाटते की नाही, हा प्रश्नच येत नाही.

आता त्या पानाकडे बघा. दस्त नोंदवताना दुय्यम निबंधकाकडे जे ‘दस्त गोषवारा’चं पान निघतं, त्यावर लिहून देणार, लिहून घेणार आणि त्यांना ओळखणारे, या सगळ्यांचे फोटो आणि अंगठे असतात. ओळखणारा म्हणजे ‘ह्या व्यक्तींना मी ओळखतो’ असं निबंधकासमोर सांगणारा माणूस. बरेचदा तो दस्त तयार करणारा वकीलच असतो. म्हणजे हे गृहस्थ तुमच्या नवऱ्याला ओळखतात, आणि त्या फ्लॅटचं काम त्यांनी केलेलं असण्याची दाट शक्यता आहे. तुमच्या प्रकरणात फ्लॅट येणारच. तिथे राहण्याचा तुमचा हक्क, टोकनची रक्कम कोणी भरली, कर्जाचे हप्ते कोणाच्या खात्यातून गेले, हे सगळं निघेल. त्यातलं काही त्यांना नवऱ्याचे वकील म्हणून कळलेलं असेल तर ते उघड करायला त्यांना कायद्याने मनाई आहे. पूर्वी ही तरतूद पुरावा कायद्याच्या कलम १२६ मध्ये होती, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे. म्हणजे माहिती असूनही ते तुमच्यासाठी वापरू शकणार नाहीत, किंवा वापरतील आणि समोरचा वकील पहिल्याच तारखेला हरकत घेईल. शिवाय त्या दस्ताच्या व्यवहाराबद्दल त्यांनाच साक्षीला बोलावायची वेळ आली तर? ज्या प्रकरणात आपण साक्षीदार होऊ असं मानायला कारण आहे, ते काम वकिलाने घेऊच नये, असं तेरावा नियम म्हणतो.

एक बारकावा मात्र लक्षात ठेवा. फक्त फ्लॅटचं काम केलं म्हणून ते तुमचं काम घ्यायला आपोआप अपात्र ठरतात असं नाही. ज्या वादात एका बाजूला सल्ला दिला किंवा कागद तयार केले, त्याच वादात दुसऱ्या बाजूने उभं राहायला तेहतिसावा नियम बंदी घालतो. फ्लॅटची खरेदी हा वेगळा व्यवहार झाला. त्यांनी भेटीत ‘तुमच्या मिस्टरांचं काम मी केलं आहे, चालेल का?’ एवढं विचारलं असतं तर निर्णय तुमच्या हातात राहिला असता. नाव ऐकूनही ते गप्प बसले, दोष तिथे आहे. आमचं मत विचाराल तर त्यांच्याकडे परत जाऊ नका. विसरले असतील हेही शक्य आहे, वकिलाच्या हाताखालून शेकडो दस्त जातात. पण विसरभोळेपणाची किंमत तुम्ही का मोजायची?

यातून पुढच्या भेटीसाठी एक सवय लावून घ्या. कोणत्याही नव्या वकिलाकडे गेल्यावर तुमची कहाणी सुरू करण्याआधी फक्त नावं सांगा. नवऱ्याचं, सासू-सासऱ्यांचं, दिराचं, नवऱ्याच्या कंपनीचं किंवा धंद्याचं, फ्लॅटच्या सोसायटीचं. मग विचारा, ‘यांच्यापैकी कोणाचं काम तुम्ही किंवा तुमच्या ऑफिसने केलंय का? ओळख, नातं, भाडेकरार, काहीही?’ नाही म्हणाले की मग पुढचं बोला. अजून वकीलपत्र दिलेलं नसताना तुम्ही जे बोलता त्याला गोपनीयतेचं कवच किती, यावर वाद होऊ शकतो. तेव्हा नाजूक गोष्टी, मेसेजचे स्क्रीनशॉट, बँकेचे आकडे, ही नंतरची गोष्ट. आणि ‘सोबत असू दे’ म्हणून शेजारच्या काकांना आत नेऊ नका. तिसरा माणूस खोलीत बसला की गोपनीयतेचा मुद्दा लंगडा पडतो.

दुसऱ्या वकिलांचे १० टक्के. इथे घासाघीस करायची गरजच नाही, कारण तो सौदाच नियमबाह्य आहे. फी निकालावर अवलंबून ठेवायची नाही आणि मिळालेल्या रकमेत वाटा घ्यायचा नाही, हा विसावा नियम आहे. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने बी. सुनीता प्रकरणात टक्केवारीच्या अशा फीला सार्वजनिक धोरणाविरुद्ध ठरवलं. ‘आधी काही नको’ हे ऐकायला गोड वाटतं, पण हिशेब करून बघा. एकरकमी पोटगी ३० लाखांची ठरली तर १० टक्के म्हणजे ३ लाख, तेही मुलीच्या शिक्षणासाठी आलेल्या पैशातून. त्याहून मोठी अडचण अशी की टक्केवारीवर बसलेल्या वकिलाला एकरकमी रक्कम आणि झटपट तडजोड सोयीची. तुम्हाला कदाचित दरमहा पोटगी, मुलीचा ताबा आणि राहायला घर जास्त मोलाचं असेल, पण त्यात त्याला टक्का दिसत नाही. हेच १० टक्के कधी ‘सक्सेस फी’ म्हणून, कधी तारीख न घातलेल्या चेकच्या रूपात मागितले जातात. असा चेक देऊ नका.

ते पाच हजार ‘फाईल उघडायचे’ म्हणजे फी की खर्च? हा किचकट वाटणारा प्रश्न विचारायलाच हवा. अशिलाकडून घेतलेल्या पैशांचा हिशेब वकिलाने ठेवायचा असतो. रक्कम फी म्हणून घेतली की खर्चासाठी, हे नोंदवायचं असतं. खर्चासाठी घेतलेले पैसे तुमच्या लेखी परवानगीशिवाय फीकडे वळवता येत नाहीत, आणि तुम्ही मागितलीत तर हिशेबाची प्रत द्यावी लागते. कौटुंबिक न्यायालयातला खर्चही काय असतो ते बघा. महाराष्ट्र सरकारच्या १ ऑक्टोबर १९९४ च्या आदेशाने पोटगी, घटस्फोट, हिंसाचार आणि मालमत्तेच्या वादांत महिला पक्षकारांना कोर्ट फी माफ आहे. तेव्हा तुमच्या घटस्फोटाच्या याचिकेसाठी ‘कोर्ट फीचे आठ हजार’ कोणी मागितले तर पावती कशाची देणार, एवढंच विचारा. न्यायालयात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही. वकीलपत्रावरची तिकिटं, नोटरी, टायपिंग, झेरॉक्स, प्रमाणित प्रती, समन्सचा खर्च हे खरे खर्च, आणि प्रत्येकाचा आकडा सांगता येतो. ‘आणि थोडे इकडे-तिकडे द्यायला’ हा शब्द कानावर आला की उठायचं. ‘जज ओळखीचे आहेत’ यालाही तेच उत्तर.

जीएसटीचंही सांगून ठेवतो. वैयक्तिक वकील किंवा वकिलांची फर्म तुमच्यासारख्या, धंद्यासाठी नव्हे तर स्वतःसाठी आलेल्या व्यक्तीला सेवा देते, तेव्हा ती जीएसटीतून मुक्त आहे. बिलावर १८ टक्के चढले असतील तर बहुधा तुम्ही वकिलाला नव्हे, मध्ये बसलेल्या एखाद्या कंपनीला किंवा पोर्टलला पैसे देत आहात. वकिलाला जाहिरात करून काम मागायला मनाई आहे, म्हणून ‘इतक्या हजारांत घटस्फोट’ असे बोर्ड लावणाऱ्यांकडे तुमचं वकीलपत्र नक्की कोणाच्या नावाने होणार, ते आधी कळायला हवं.

आता पॅकेजकडे येतो, कारण खरे वाद इथेच होतात. पावणेदोन लाखांत ‘सगळं’ म्हणजे काय, हे त्या दिवशी तुम्हालाही स्पष्ट नव्हतं आणि पुढे त्यांनाही आठवणार नाही. वांद्रे पूर्वेच्या कौटुंबिक न्यायालयात वादातला घटस्फोट साधारण असा चालतो. याचिका तयार करून दाखल होते, समन्स निघतं, दोघं समुपदेशकाकडे जातात, नवऱ्याचं लेखी म्हणणं येतं, मुद्दे निघतात, तुमचा सरतपास (तुमची स्वतःची साक्ष) प्रतिज्ञापत्रावर होतो, मग उलटतपास (समोरच्या वकिलाचे प्रश्न), नवऱ्याचा पुरावा आणि त्याचा उलटतपास, युक्तिवाद, निकाल. याच्या पोटात हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या, पोटगीचा अर्ज, कलम २६ खाली मुलीच्या ताब्याचा आणि भेटीचा अर्ज, आणि दोघांच्या मालमत्तेची प्रतिज्ञापत्रं. ही प्रतिज्ञापत्रं सुप्रीम कोर्टाच्या ४ नोव्हेंबर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानंतर पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात द्यावी लागतात. पगार, बँक खाती, गुंतवणूक, कर्ज, घरखर्च, सगळं त्यात भरावं लागतं. भरायला दोन-तीन बैठका सहज जातात, आणि ‘हे पॅकेजमध्ये नव्हतं’ हे वाक्य बहुतेकदा पहिल्यांदा इथेच ऐकू येतं.

पॅकेजबाहेर सहसा काय राहतं? कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा अर्ज दंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात केला तर ते वेगळं कोर्ट, वेगळ्या तारखा. राहत्या घराच्या हक्काची मागणी त्या कायद्याच्या कलम २६ प्रमाणे कौटुंबिक न्यायालयातच, चालू प्रकरणातही करता येते. चांगला वकील दोन्ही रस्ते आणि दोन्हींचा खर्च समोर ठेवतो. अंतरिम आदेशाविरुद्ध कोणी हायकोर्टात गेलं तर तो खर्च वेगळा. मंजूर झालेली पोटगी नवऱ्याने थकवली तर वसुलीचा अर्ज वेगळा. आणि ‘दबावासाठी पोलिसात तक्रार टाकू’ असं कोणी सुचवलं, तर पुढचंही त्यांनी सांगायला हवं. बायकोच्या छळाचं पूर्वीचं कलम ४९८-अ, आताचं भारतीय न्याय संहितेचं कलम ८५, हा आपसात मिटवता येणारा गुन्हा नाही. तडजोड झाली तरी गुन्हा रद्द करायला हायकोर्टात जावं लागतं. खरोखर छळ झाला असेल तर तक्रार करायलाच हवी. पण ती सौदेबाजीचं नाणं म्हणून सुचवली जात असेल तर परतीच्या वाटेचा खर्चही त्याच बैठकीत कळायला हवा.

काही वकील पॅकेजऐवजी तारखेवर पैसे घेतात. मग एकच प्रश्न, न्यायाधीश रजेवर असतील, समोरच्याने मुदत मागितली, बोर्डावर नंबरच आला नाही, तर ती तारीख मोजणार का? ५ हजारांच्या दराने ३० तारखा म्हणजे दीड लाख, आणि त्यातल्या कित्येक तारखांना फक्त पुढची तारीख मिळालेली असते. पुष्कळ वकील अशा तारखेला निम्मे घेतात किंवा काहीच घेत नाहीत, पण ते आधी ठरलेलं असतं म्हणून.

तारखेला कोण येणार, हेही ठरवा. भेटीत सर बोलतात, कोर्टात ज्युनिअर उभे राहतात, यात गैर काही नाही. ज्या सकाळी सरांचं प्रकरण फोर्टला हायकोर्टात असतं त्याच सकाळी ते वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयात असू शकत नाहीत. पण अंतरिम पोटगीचा युक्तिवाद आणि नवऱ्याचा उलटतपास कोण करणार, ही दोन नावं तरी स्पष्ट हवीत. उलटतपासाच्या दिवशी नवीन चेहरा फाईल उघडत असेल तर तुमच्या फीचा मोठा भाग वाया गेला असं समजा. शिवाय फॅमिली कोर्ट्स अ‍ॅक्ट, १९८४ च्या कलम १३ प्रमाणे तिथे वकील हा हक्क नाही, न्यायालयाची परवानगी लागते. मुंबईत ती रोजच मिळते, पण अर्ज द्यावा लागतो. तो पहिल्याच तारखेला देणार का, हे विचारा. समुपदेशकासमोर मात्र तुम्हालाच बसायचं आहे, त्याची तयारी करून घेणार का, हेही.

मुदतीबद्दल हमी देणाऱ्यांपासून सावध राहा. ‘सहा महिन्यांत डिक्री’ (घटस्फोटाचा अंतिम हुकूम) हे फक्त परस्पर संमतीत शक्य असतं. त्यासाठी आधी एक वर्ष वेगळं राहणं लागतं, ते तुमचं झालं आहे. पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्यात सहा महिन्यांचं अंतर असतं. २०१७ च्या अमरदीप सिंग निकालानुसार न्यायालय योग्य प्रकरणात ते माफ करू शकतं. पण दुसऱ्या टप्प्याआधी नवरा संमती मागे घेऊ शकतो, आणि मग सगळं शून्यावर येतं. म्हणून हमी कोणीच देऊ शकत नाही. संमतीने होत असेल तेव्हा दोघांचा मिळून एकच वकील ठेवायची पद्धत आहे, स्वस्त पडते. फिसकटलं तर तो वकील दोघांपैकी कोणाच्याच बाजूने दुसऱ्याविरुद्ध उभा राहू शकत नाही, हे त्याने दोघांनाही आधी सांगायला हवं. मुलीचा आणि फ्लॅटचा प्रश्न असताना आम्ही तुम्हाला हा पर्याय सुचवणार नाही.

एक प्रश्न जवळजवळ कोणी विचारत नाही. कलम २४ खाली पोटगीबरोबर दाव्याचा खर्चही नवऱ्याकडून मागता येतो. तो मंजूर झाला तर पैसे कोणाच्या खात्यात जाणार? तुमच्या वतीने वकिलाकडे आलेली प्रत्येक रक्कम त्यांनी विनाविलंब तुम्हाला कळवायची असते. ती ठरलेल्या फीतून वजा होणार की तुम्हाला मिळणार, हे आजच ठरू द्या. न्यायालयाने दिलेल्या सगळ्या रकमा थेट तुमच्या बँक खात्यात याव्यात असं मागणं हा अविश्वास नाही.

आता तो वकीलपत्राचा कागद. नेहमी सही केली जाते म्हणून कोणी वाचत नाही. वरती न्यायालयाचं नाव, मग प्रकरण क्रमांकाची रिकामी जागा, अर्जदार आणि जाबदार यांची नावं, मग ‘मी खालील सही करणार … यांना नेमते’ आणि वकिलाचं नाव. खाली बारीक अक्षरात अधिकार असतात. हजर राहणं, अर्ज करणं, कागद दाखल करणं हे ठीक. त्याच परिच्छेदात बरेचदा तडजोड करणं, दावा मागे घेणं, रक्कम स्वीकारणं हेही असतं. या तीन गोष्टींवर रेघ मारून बाजूला सही करायला सांगा, किंवा ‘माझ्या लेखी संमतीनेच’ असं हाताने लिहा. क्रमांक याचिका दाखल झाल्यावरच मिळतो, ती जागा रिकामी राहणारच. न्यायालयाचं नाव, दोन्ही पक्षकारांची नावं आणि वकिलाचं नाव मात्र भरलेलं हवं. वकिलाच्या स्वीकृतीच्या सहीखाली त्यांचा नोंदणी क्रमांक असतो, महाराष्ट्रात तो एमएएच, मग आकडा, मग वर्ष असा लिहितात. सही केलेल्या पानाचा मोबाईलवर फोटो काढा. याचिका दाखल झाली की १६ अंक-अक्षरांचा सीएनआर क्रमांक, म्हणजे तुमच्या प्रकरणाचा ओळख क्रमांक, मागून घ्या. ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर तो टाकला की पुढची तारीख तुम्हाला स्वतःला, फुकट दिसते. ‘तारीख पडली, तुम्ही येऊ नका’ असं वारंवार ऐकू येत असेल तर रोजनाम्याची, म्हणजे न्यायालयाच्या तारखेच्या नोंदीची, प्रत मागा. त्या दिवशी कोण हजर होतं ते त्यात लिहिलेलं असतं.

पुढच्या वकिलाशी बोलणं झालं की घरी जाऊन हा मेसेज किंवा ईमेल पाठवा:

‘नमस्कार. आज ठरलं ते लिहून पाठवते, चूक असल्यास कळवावं. माझे पती, सासरचे लोक आणि भांडुपचा फ्लॅट यांच्याशी आपला व आपल्या ऑफिसचा पूर्वी संबंध आलेला नाही असं आपण सांगितलंत. फी एकूण … रुपये. तीत याचिका, अंतरिम पोटगी, ताब्याचा अर्ज, मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र, पुरावा, उलटतपास व युक्तिवाद धरले आहेत. हायकोर्ट, वसुली आणि दंडाधिकारी न्यायालयाचं काम वेगळं असेल. हप्ते असे: दाखल करताना …, अंतरिम अर्जाच्या युक्तिवादाला …, पुराव्याच्या वेळी …. आज दिलेले … रुपये फीचे आहेत, खर्चाचे … वेगळे आहेत. उलटतपास आपण स्वतः घ्याल. मूळ कागद माझ्याजवळ राहतील. आपण काम सोडल्यास न झालेल्या कामाची फी परत कराल.’

उत्तरात ‘ओके’ आलं तरी पुरे. शेवटच्या वाक्याला कोणी नाक मुरडलं तर सांगा की बाराव्या नियमात तेच आहे. पुरेशा कारणाशिवाय आणि पुरेशी सूचना न देता वकिलाने काम सोडायचं नाही, आणि सोडलं तर न कमावलेली फी परत करायची.

पैशांचीच अडचण असेल तर हेही त्या वकिलांनी सांगायला हवं होतं. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोणतीही स्त्री, उत्पन्न कितीही असो, मोफत वकिलाला पात्र आहे. १५१०० या क्रमांकावर फोन करा, किंवा कौटुंबिक न्यायालयातच विधी सेवेची चौकशी करा. मोफत वकील मिळाला तरी वरचे फीचे प्रश्न सोडून बाकीचे सगळे विचारायचेच.

उरलं ते दुसऱ्या वकिलांकडून सुटका करून घेणं. तुमचं वकीलपत्र अजून कुठे दाखल झालेलं नाही, म्हणून नव्या वकिलाला त्यांची एनओसी (ना-हरकत) लागणार नाही. दाखल झालं असतं तर लागली असती, किंवा न्यायालयाची परवानगी. म्हणून घाई याच आठवड्यात करा. स्पीड पोस्टने आणि ईमेलने दोन्हीकडून पत्र पाठवा. अमुक तारखेला सही केलेली दोन्ही कोरी वकीलपत्रं मी रद्द करत आहे, ती कोणत्याही न्यायालयात वापरू नयेत, ती आणि लग्नाचा मूळ दाखला सात दिवसांत परत करावा, आणि ५ हजार रुपये फीचे की खर्चाचे, त्याचा हिशेब द्यावा. ‘आधी पैसे मिटवा, मग कागद’ असं उत्तर आलं तर आर. डी. सक्सेना प्रकरणातला सुप्रीम कोर्टाचा २००० सालचा निकाल सांगा. फी थकली म्हणूनही वकिलाला अशिलाचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, आणि तुमची तर फी थकलेलीही नाही.

तरीही दाखला दिला नाही तर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टच्या कलम ३५ खाली तक्रार करता येते. तिथे वकिलाला ताकीद, निलंबन किंवा वकिलीची सनद रद्द होऊ शकते, पैसे मात्र वसूल होत नाहीत. ग्राहक आयोगात जायचा विचार सोडा, १४ मे २०२४ च्या निकालाने सुप्रीम कोर्टाने वकिलांची सेवा ग्राहक कायद्याबाहेर ठेवली आहे. दाखल्यासाठी मात्र अडून राहू नका. ज्या विवाह नोंदणी कार्यालयात लग्नाची नोंद आहे तिथून प्रमाणित प्रत मिळते. तिच्यासाठी अर्ज त्याच दिवशी टाका ज्या दिवशी पत्र टपालात टाकाल, आणि टपालाची पावती नव्या फाईलच्या पहिल्या पानाला पिन करून ठेवा.